इंजिनात पाणी गेलं तर स्टार्टर दाबू नका: डर्ट बाईक आणि जेट स्की नव्याने घेणाऱ्यांसाठी

मी नोकरीला पुण्यात आणि घर कुडाळजवळ, त्यामुळे शनिवार-रविवार मुळशीच्या बाजूला एक्सपल्स, म्हणजे हिरोची ऑफ-रोड बाईक, घेऊन जायचं आणि सुट्टीत गावी गेलो की आतेभावाकडे जेट स्की, तो मालवणच्या बाजूला सीझनमध्ये वॉटर स्पोर्ट्स चालवतो. गेल्या काही वर्षांत दोन्हीकडे मिळून मी इंजिनं बिघडताना इतकी बघितली की आता कोणी नवीन मुलगा विचारायला आला, की दादा मी रॉयल एनफिल्डची हिमालयन घेऊ की एक्सपल्स घेऊ, किंवा सेकंडहँड जेट स्की मिळतेय घेऊ का, तर मी आधी त्याला एकच गोष्ट सांगतो आणि मग बाकीचं बोलतो. ती गोष्ट म्हणजे पाणी दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पेट्रोलची वाफ दाबली जाते, पाणी नाही. हे एकदा नीट डोक्यात बसलं की निम्मं नुकसान वाचतं, खरंच सांगतो.

हिशोब करून बघा. एक्सपल्सचं इंजिन १९९.६ सीसी, एकच सिलेंडर, कॉम्प्रेशन रेशो १० ला १. म्हणजे पिस्टन अगदी वर गेला की त्याच्या डोक्यावर जी जागा उरते ती साधारण २२ मिली, चहाचे चार-साडेचार चमचे. तेवढ्याहून जास्त पाणी सिलेंडरमध्ये असताना तुम्ही स्टार्टर दाबला तर पिस्टन वर जाणार कुठे? जागाच नाही. मग जोर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो, किंवा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मार बसतो. गाडी चालू असताना पाणी ओढलं तर अजून वाईट, पण बहुतेक नवीन लोकांचं नुकसान होतं ते गाडी बंद पडल्यानंतर, घाबरून परत परत स्टार्टर मारल्याने. ओढ्यात पडलेल्या बाईकचं पण तेच आणि उलटलेल्या जेट स्कीचं पण तेच, म्हणून दोन्हीचं एकत्र लिहितोय.

आता सुरुवातीपासून.

पहिलं, मशीन कुठलं घ्यायचं

बाईकमध्ये नवीन माणसाने हलकी आणि रजिस्ट्रेशन होणारी गाडी घ्यावी. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली होती १५० सीसी, ती लोकांना कळलीच नाही आणि बंद झाली, मग २०१९ ला एक्सपल्स २०० आली आणि तिच्यामुळे साध्या पगारातल्या लोकांना ऑफ-रोडिंग परवडायला लागलं. पुढे २१ इंची चाक, मागे १८, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलीमीटर, वजन १६० किलोच्या आत. वजन का महत्त्वाचं, तर पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही ती गाडी जमिनीवरून किती वेळा उचलणार आहात त्याचा विचार करा, आणि शेवटची दोन वेळा दमलेल्या अंगाने, चिखलात. हिमालयन चांगली आहे, ४५० वाली तर फारच चांगली, पण तिचं वजन १९० च्या पुढे जातं, ती दुसरी गाडी म्हणून घ्या असं माझं मत. आणि कोणी कावासाकीची केएक्स किंवा केटीएमची एसएक्स सारखी खरी मोटोक्रॉस बाईक स्वस्तात देतो म्हणाला तर लक्षात ठेवा, ती रस्त्यावर आणताच येत नाही, नंबर प्लेट नाही, लाइट नाही, प्रत्येक वेळी टेम्पोत टाकून ट्रॅकवर न्यावी लागते आणि इंजिनचं काम किलोमीटरवर नाही, तासांवर येतं.

जेट स्कीबद्दल आधी एक, जेट स्की हे खरं कावासाकीचं नाव आहे, १९७३ च्या आसपास त्यांनी उभं राहून चालवायची मशीन आणली तेव्हाचं. यामाहाची ती वेव्हरनर, बॉम्बार्डियरची (आता बीआरपी कंपनीची) सी-डू. किनाऱ्यावर सगळ्याला जेट स्कीच म्हणतात, मी पण तेच म्हणणार. यामाहा आणि कावासाकीमध्ये बाहेरचं पाणी सरळ इंजिनातून फिरून इंजिन थंड करतं, म्हणजे समुद्रात चालवताय तर खारं पाणी इंजिनाच्या पोटातून जातंय. सी-डूमध्ये रोटॅक्सचं इंजिन असतं आणि त्यात गाडीसारखा बंद कूलंट फिरतो, पण त्यामुळे सी-डू धुवायची गरज नाही असं समजू नका, एक्झॉस्टकडे खारंच पाणी जातं.

सेकंडहँड घेताना तीन गोष्टी. एक, सीट काढून आत बघा. आत कुठे पांढरी पावडर, हिरवट बुरशीसारखं बॅटरीच्या टर्मिनलवर, क्लिपा गंजलेल्या, तर मालकाने कधी गोड्या पाण्याने धुतलंच नाही, सोडून द्या, रंग कितीही चकचकीत असू दे. दोन, ऑइलची कांडी काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. तीन, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजणं) करून मागा, आणि तीन सिलेंडर असतील तर तिन्हीचं रीडिंग जवळजवळ सारखं पाहिजे, आकडा थोडा कमी असला तरी चालेल पण एकाचं एकदम खाली असेल तर नाही. विकणारा नको म्हणाला तर ते उत्तरच समजा. बाईकला पण हेच, फक्त बाईकमध्ये एअर फिल्टरचा बॉक्स उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला. तिथे बोटाला धूळ लागली तर ती धूळ आत गेलीय आणि पिस्टन-सिलेंडर घासलेत.

दुसरं, अंगावर काय घालायचं

हेल्मेट सगळे घेतात. पैसे वाचवतात ते बुटांवर आणि तिथेच पाय जातो, कारण बाईक पडताना घोटा तिच्याखाली येतो. आधी बूट, मग गुडघ्याचे गार्ड, मग बाकी जॅकेट वगैरे. जेट स्कीवर लाइफ जॅकेट तर पाहिजेच, पट्टे घट्ट, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत यायला नको. आणि एक गोष्ट जी आपल्याकडे कोणी सांगत नाही, साध्या चड्डीवर मागे बसू नका. मागे पडलात आणि जेटचा फवारा बसला तर तो जोर इतका असतो की शरीराच्या आतपर्यंत इजा होते, म्हणून वेटसूटची पँट किंवा जाड घट्ट काहीतरी घालायचं, मॅन्युअलमध्ये आणि मशीनवरच्या स्टिकरवर हे लिहिलेलं असतं. बायका-मुलांना मागे बसवणार असाल तर जास्तच काळजी घ्या.

जेट स्कीचं इंजिन बंद करायची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. ती हँडलला गुंडाळून ठेवलेली मी खूप वेळा बघितली आहे. माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद व्हायला पाहिजे, यासाठीच ती आहे, हँडलला बांधली तर मशीन एकटी पुढे जाणार आणि तुम्ही पाण्यात पोहत बसणार, किंवा ती पुढच्या माणसांवर जाणार.

तिसरं, बाईकवर पहिला महिना

मोकळं पडीक शेत शोधा, मालकाला विचारून. पहिल्या दिवशी फक्त उभं राहून चालवा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आठचा आकडा काढत. पंजे फूटपेगवर, गुडघ्यांनी टाकी हलकी धरलेली, कोपर बाहेर, आणि नजर लांब. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवली की गाडी त्याच दगडावर जाते, हे प्रत्येकाला स्वतः अनुभवूनच पटतं. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या म्हणजे उभं असताना मनगट वाकणार नाही, पाच मिनिटांचं काम आहे, पाना घेऊन स्वतः करा.

टायरची हवा थोडी कमी करायची, मी मातीत १८ ते २० पीएसआय ठेवतो, पण ट्यूब टायर आहे म्हणून त्याच्या खाली जात नाही कारण दगडावर आपटलं की रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते आणि दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी. परत डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा भरायची, म्हणून छोटा पंप बॅगेत पाहिजेच.

माती माती मध्ये पण फरक आहे. देशावरची काळी माती पावसात चाकाला इतकी चिकटते की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं, तेव्हा रेस देत बसलात तर क्लच जळणार, जळका वास आला म्हणजे उशीर झाला. खाली उतरा, काठीने माती काढा, मग पुढे. कोकणातला जांभा कोरडा असला तर छान ग्रिप देतो पण पावसात त्याच्यावर शेवाळ येतं, सड्यावर पाय ठेवला तरी घसरतो मग टायरचं काय. मुरुमाच्या उतारावर पुढचा ब्रेक जोरात धरला की गाडी गेलीच, पण पुढचा ब्रेक वापरायचाच नाही असं पण नाही, एका बोटाने हळू, मागचा जास्त, आणि गिअर खालचा ठेवून इंजिनालाच गाडी रोखू द्यायची.

डाकारचं, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांब पल्ल्याच्या रॅलीचं, नाव सगळे घेतात. २०१५ ला सी. एस. संतोषने डाकार पूर्ण केली, तसं करणारा पहिला भारतीय, आणि २०२४ ला केरळच्या हरित नोआने रॅली-टू गटात पहिला नंबर काढला. नवीन मुलं ते व्हिडिओ बघून पहिल्या आठवड्यातच उडी मारायला जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी हळू चालवायला शिका, चालत्या माणसाच्या वेगाने दगडगोट्यांतून पाय खाली न टेकता वीस मीटर. ते जमलं की वेग आपोआप येतो.

चौथं, जेट स्कीवर पहिला तास

सीट काढून दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा, नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर चालू करायचं नाही, बंद पोटात वाफ साठलेली असते आणि एक ठिणगी पुरते. मग मागचे दोन ड्रेन प्लग लावले का ते हाताने फिरवून बघा. डोळ्याने नाही, हाताने. माझ्या आतेभावाकडच्या एका पोराने सीझनच्या पहिल्याच दिवशी प्लग न लावता मशीन पाण्यात सोडली होती, पाचेक मिनिटांत मागचा भाग खाली बसायला लागला आणि आम्ही चौघांनी ती ओढत वर आणली, नशीब किनाऱ्यालाच होती.

चालू करायच्या आधी कंबरभर पाण्यात ढकला, साधारण ९० सेंटीमीटर तरी खाली पाहिजे. उथळ पाण्यात चालू केली की पंप वाळू आणि शिंपले ओढतो, इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) पात्यांना खाच पडते, त्याच्याभोवतीची वेअर रिंग घासते, आणि मग इंजिन ओरडतं पण मशीन पळत नाही. तुटलेली जाळी, दोरी, प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर आधी इंजिन बंद, बंद करायची दोरी काढून खिशात, मग खाली हात.

सगळ्यात महत्त्वाचं, रेस सोडली की स्टिअरिंग जातं. बाईकच्या बरोबर उलट आहे हे. जेट स्कीला सुकाणू नसतं, मागून पाण्याचा जो फवारा निघतो तोच वळवून मशीन वळते, फवारा बंद तर हँडल फिरवून काहीच होत नाही, मशीन सरळच जाणार. समोर होडी आली आणि माणूस घाबरून रेस सोडून हँडल फिरवतो, मशीन सरळ जाऊन आपटते. बाईकवाल्याला तर हे जास्तच होतं कारण आपला हात सवयीने रेस सोडतो. म्हणून मोकळ्या पाण्यात मुद्दाम सराव करा, लांबवर एक बोया ठरवा, त्याच्याकडे जा आणि रेस देऊन वळा, दहा वेळा, वीस वेळा. सी-डूने २००९ पासून ब्रेकची सिस्टिम दिली, नंतर यामाहानेही त्यांची दिली, पण भाड्याच्या जुन्या मशीनला ती नसते.

पाचवं, पाणी गेलं तर

हे नीट वाचा.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही पाच जण मावळात एका ओढ्यावर होतो. एका मित्राने चालत जाऊन खोली न बघता गाडी घातली, मध्ये गोल दगडावर पुढचं चाक सरकलं आणि गाडी डाव्या बाजूला पूर्ण पाण्यात, इंजिन चालू. आम्ही पळत जाऊन उचलेपर्यंत बंद पडली होती. काठावर आणली आणि तो बिचारा गारठलेला, घाबरलेला, त्याने सीटवर बसून स्टार्टर दाबला. मी थांब थांब म्हणून ओरडलो तोपर्यंत एकदा कट्ट असा आवाज झाला, चावी दगडावर पडल्यासारखा, बारीक. नंतर गॅरेजमध्ये इंजिन खोललं तेव्हा रॉड डोळ्याला दिसेल इतका वाकलेला होता. त्याच्या तीन महिन्यांच्या बचतीचे पैसे गेले, आणि वाचवायला लागली असती दहा मिनिटं.

तर ती दहा मिनिटं अशी. गाडी पडली की पहिलं किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, पाण्यात असतानाच. इंजिन आधीच बंद पडलं असेल तरी इग्निशन बंद करा म्हणजे कोणी चुकून स्टार्टर दाबणार नाही. गाडी काठावर ढकलत आणा. एअर बॉक्स उघडा. फिल्टर आतून कोरडा असेल तर बहुतेक वाचलात, तरी स्पार्क प्लग काढून बघाच. फिल्टर ओला असेल तर प्लग काढायचाच. बॅगेत आपल्या गाडीच्या प्लगला बसणारा पाना ठेवा, कंपनीच्या टूलकिटमधला असतो तो एकदा घरी वापरून बघा, जंगलात पहिल्यांदा वापरायला घेऊ नका. प्लग काढला की गाडी वरच्या गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा, पिस्टन वर-खाली होतो आणि प्लगच्या भोकातून पाणी बाहेर येतं. हाताला अडकल्यासारखं लागत नाही ना ते बघा. चाक मोकळं फिरायला लागलं की मग प्लगच्या वायरची कॅप भोकापासून लांब ठेवून, इंजेक्टरचं कनेक्टर काढून, दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा, उरलेलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर उडतं, तोंड तिकडे ठेवू नका. वायर भोकाजवळ ठेवली आणि ठिणगी पडली तर पेट्रोलची वाफ पेट घेते, म्हणून हे हळू करा, घाई नको.

प्लग पुसून लावा, एअर बॉक्समधलं पाणी पुसा, फिल्टर पिळू नका, कागदी असेल तर तो पिळला की संपला. चालू झाली तर ऑइल बघा. काचेतून दुधाळ दिसलं तर तिथून चालवत घरी जायचं नाही, ऑइल बदलायचं, एकदा नाही दोनदा, पहिलं टाकून थोडा वेळ चालवून परत काढायचं.

जेट स्कीचं जवळजवळ हेच, फक्त वेळ कमी असतो, खारं पाणी तासाभरात गंज धरायला लागतं. उलटली तर ज्या दिशेने सरळ करायची ती मागच्या बाजूला स्टिकरवर बाणाने दाखवलेली असते, त्याच दिशेने फिरवा. उलट दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलेंडरकडे येतं. हा बाण चालू करायच्या आधी पाठ करा, पाण्यात दम लागलेला असताना शोधायला जाऊ नका. सरळ झाल्यावर चालू होत नसेल तर टो करून किनाऱ्याला आणा, हळू, जोरात ओढली तर पुढून पाणी रेटून पंपातून आत शिरतं. मग तिन्ही किंवा चारही स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टर मारून इंजिन फिरवा. सी-डूमध्ये रेस पूर्ण दाबून स्टार्ट केलं की पेट्रोल फवारलं जात नाही, ती सोय याचसाठी दिलेली आहे, बाकी मॉडेलचं मॅन्युअलमध्ये बघा. पाणी निघालं की प्रत्येक भोकात थोडं ऑइल फवारा, परत दोन सेकंद फिरवा, प्लग लावा आणि त्याच दिवशी चालवा. उद्या बघू म्हणालात तर उद्या पिस्टन सिलेंडरला चिकटलेला मिळेल, हे मी डोळ्याने बघितलं आहे.

सहावं, चालवून झाल्यावर

इथे लोक आळस करतात, दमलेले असतात, कळतं मला. पण बाईक असो वा जेट स्की, तिचं आयुष्य या अर्ध्या तासात ठरतं असं मला मनापासून वाटतं.

जेट स्की फ्लश करायचा, म्हणजे इंजिन आतून गोड्या पाण्याने धुवायचा, क्रम तोंडपाठ पाहिजे. आतेभाऊ प्रत्येक नवीन पोराकडून तो मोठ्याने वदवून घेतो, "आधी इंजिन, मगे पाणी. आधी पाणी बंद, मगे इंजिन." पाइप जोडा, इंजिन चालू करा, लगेच पाणी सोडा. संपवताना आधी नळ बंद, मग एक-दोनदा हलकी रेस देऊन आतलं पाणी एक्झॉस्टमधून बाहेर, मग इंजिन बंद. उलटं केलं, म्हणजे इंजिन बंद असताना नळ चालू ठेवला, तर पाण्याला बाहेर ढकलायला एक्झॉस्टचा जोर नसतो, ते भरत जातं आणि मागून सिलेंडरमध्ये उतरतं. म्हणजे समुद्रात न बुडता, दारातल्या नळाने इंजिन बुडवलं. एका मुलाने असं केलं होतं, फोन आला म्हणून इंजिन बंद केलं आणि नळ तसाच. आम्ही प्लग काढून फिरवलं तेव्हा तीन भोकांतून तीन पांढरे फवारे आले, पत्र्याच्या छपरापर्यंत. इंजिन वाचलं, कारण त्याने घाबरून का होईना लगेच येऊन सांगितलं. आतेभाऊ त्याला रागावला नाही, चहा दिला, मला ते फार आवडलं, कारण रागावला असता तर पुढच्या वेळी पोरगा लपवेल.

पाण्याबाहेर इंजिन जास्त वेळ चालू ठेवू नका, पाइपला पाणी असलं तरी शाफ्टच्या सीलला ते पोचत नाही. सी-डूला दोन मिनिटं पुरे, बाकीचं मॅन्युअल सांगेल तेवढंच. नंतर सीट काढून आतलं फडक्याने पुसा, ड्रेन प्लग काढून मागून पाणी निथळू द्या, धातूच्या भागांवर गंज न लागणारा स्प्रे, आणि सीट रात्रभर थोडी उघडी. नवीन यामाहा असेल तर पहिली सर्व्हिस १० तासांनी असते, ती चुकवू नका.

बाईकला धुताना प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि एअर बॉक्सच्या तोंडावर सरळ मारायचा नाही, पाणी सील ढकलून आत जातं आणि महिन्याभराने बेअरिंग किरकिरायला लागतं. बादली, मग, मऊ ब्रश पुरे. चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरने, तारेचा ब्रश नाही, आतली रबरची रिंग फाटते. वाळली की आतल्या बाजूने ल्यूब, आणि लगेच चालवू नका, रात्रभर मुरू द्या. फिल्टर फोमचा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवून फिल्टर ऑइल लावा, कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. उन्हाळ्यात ग्रुपमध्ये मागून चालवलं, पुढच्यांचा सगळा धुरळा खाल्ला, तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट बघू नका, घरी येऊन बघाच.

आणि कोकणात ठेवलेली गाडी नुसती उभी असली तरी खारी हवा तिला खाते. गावी गेलो की मी आधी गोड्या पाण्याने गाडी धुतो, मग जेवतो. आई ओरडते पण आता तिला पण सवय झाली.

पेट्रोल अजून एक. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जेट स्की पावसाळ्यात तीन महिने उभी राहते, मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, तेव्हा अर्धी टाकी ठेवून सोडली तर आत पाणी साठतं. टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायचं औषध) टाका, नाहीतर रिकामी करा. जुनी टू-स्ट्रोक असेल तर कार्बोरेटर रिकामा केलाच पाहिजे, कारण जेट अर्धवट बुजला की ऑइल-पेट्रोल कमी जातं आणि पहिल्याच दिवशी पूर्ण रेसवर पिस्टन चिकटतो.

कुठे चालवायचं नाही

अभयारण्यात नाही, राखीव जंगलात नाही, कासच्या पठारावर तर अजिबात नाही, एका चाकाची चाकोरी तिथे वर्षानुवर्षं राहते. किनाऱ्यावर बाईक घालू नका, गोव्यात तर बीचवर गाडी नेणं गुन्हाच आहे, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी कासवांची अंडी वाळूत असतात, ती वरून दिसत नाहीत. जेट स्की जाळी टाकलेल्या जागेपासून लांब ठेवा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तिकडे जाऊच नका, ते लोक पोटासाठी तिथे आहेत. स्वतःची मशीन पाण्यात सोडायच्या आधी मेरीटाईम बोर्डाच्या स्थानिक ऑफिसला जाऊन परवानगीचं विचारा, आणि चालवायला रीतसर शिकायचं असेल तर पणजीला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, पॉवरबोट आणि लाइफ सेव्हिंगचे कोर्स तिथे होतात.

शेवटचं, एक वही ठेवा. शंभर पानी, साधी. माझ्या बाईकची वेगळी आहे आणि आतेभावाच्या प्रत्येक मशीनची वेगळी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिळ्याला टांगलेली. तारीख, किती तास किंवा किलोमीटर, ऑइल कधी, फिल्टर कधी, प्लगचा रंग कसा होता, कोणी फ्लश केलं. प्लग विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला तर पेट्रोल कमी जातंय, काळा ओला तर जास्त. काही बिघडलं की मेकॅनिक पहिलं विचारतो शेवटचं ऑइल कधी बदललं, तेव्हा आठवत बसावं लागत नाही, पिशवी काढायची आणि पान दाखवायचं.